घरसंसार : सजावटकार दारीं येण्यापूर्वीं

घराची रचना हा विषय आपल्याकडे फार दिवस सुताराच्या व गवंड्याच्या स्वाधीन होता. यजमानानें पडवी किती हात व माजघर किती हात एवढें सांगावें, सुतारानें काठीनें माप घ्यावें, आणि देवघर कोठें, चूल कोणत्या कोपऱ्यांत, खिडकी किती उंच, हें सारें शेजारच्या जुन्या घरांवरून आपोआप ठरावें, अशी ती रीति होती. त्या रीतींत दोष नव्हते असें नाहीं. धुरानें काळवंडलेलीं स्वयंपाकघरें आणि भर दुपारीं दिवा लावावा लागे अशीं माजघरें पुष्कळांच्या आठवणींत असतील. परंतु त्या रीतींत एक सोय होती. सुतार गांवचाच असे. घरांत माणसें किती, गणपतींत किती येतात, म्हातारी कोठें निजते, हें त्याला सांगावें लागत नसे. आतां त्या जागीं इंटीरिअर डिझायनर, म्हणजे गृहसजावटकार, आला आहे. तो शिकलेला असतो, कुशल असतो, बहुधा प्रामाणिकहि असतो. पण आपल्या घराला तो परका असतो. त्याच्याकडून कोणती अपेक्षा करावी, कोणती करूं नये, आणि त्याला बोलावण्यापूर्वीं घरांतल्या घरांत काय उरकून घ्यावें, याचा विचार या महिन्यांत करावयाचा आहे.

विषय अधांतरीं राहूं नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांपुढें धरूं. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील कणकवली तालुक्यांत, मुंबई-गोवा महामार्गावर, तळेरे हें गांव आहे. येथून एक रस्ता वैभववाडी व गगनबावडा करून कोल्हापुरास चढतो आणि दुसरा पश्चिमेस विजयदुर्गाकडे उतरतो. अशा हमरस्त्यांच्या सांध्यावरील गांवांत शहरांतील वस्तु लवकर पोंचतात, तशा शहरांतील कल्पनाहि लवकर पोंचतात. सिंधुदुर्ग १९९७ सालीं पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ सालीं कोंकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावूं लागली. आणि मुंबई-पुण्यास स्थायिक झालेल्या मंडळींना वडिलांच्या घराकडे वारंवार येणें सोपें झालें. त्यामुळें जुन्या चिरेबंदी घराला ‘जरा नीटनेटकें’ करून घ्यावें, ही इच्छा या भागांतील पुष्कळ कुटुंबांत आज दिसून येते.

समजा, तळेऱ्याच्या आसपासच्या अशा एका घरांत चार चुलतभावांचा हिस्सा आहे. एक मुंबईस, एक पुण्यास, एक परदेशीं, आणि चौथा कोल्हापुरास असतो. चौथ्याची आई, म्हणजे इतर तिघांची थोरली काकू, बारा महिने त्या घरांत राहते. देवाची पूजा, दिवाबत्ती, बागेची राखण सर्व तिच्याकडे. बाकीची मंडळी चतुर्थीला पांच-सात दिवस आणि मे महिन्यांत पंधरा दिवस येतात. खर्चाचा मोठा भाग उचलणारे वर्षांतून वीस-बावीस दिवसांचे रहिवासी, आणि तीनशें पासष्ट दिवस राहणारी व्यक्ति खर्चाच्या कागदावर कोठेंच नाहीं. सजावटकारापुढें घर उघडलें जातें तें या स्थितींत, आणि पुढें जे मनस्ताप होतात त्यांतील बहुतेकांचें मूळ याच स्थितींत असतें.

सजावटकार कोण आणि कोण नव्हे

हा धंदा फार पुरातन नाहीं. अमेरिकेंत एल्सी डी वुल्फ नांवाच्या बाईंनीं न्यूयॉर्क येथील कॉलनी क्लब या स्त्रियांच्या संस्थेची अंतर्गत सजावट केली. ती संस्था १९०७ सालीं आपल्या नव्या वास्तूंत आली, आणि या कामामुळें सजावटकाराच्या स्वतंत्र व्यवसायाला तिकडे प्रतिष्ठा मिळाली. आपल्याकडे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या संस्थेनें १९३७ सालीं मुंबईच्या टाउन हॉलमध्यें आदर्श गृहाचें प्रदर्शन भरविलें होतें. सिमेंट-काँक्रीटच्या नव्या इमारतींत बिऱ्हाड करूं पाहणाऱ्या मध्यमवर्गाला खोली कशी मांडावी हें पाहून शिकण्याची ती एक मोठी संधि होती. तेव्हांपासून आजपर्यंत हा व्यवसाय शहरांतून तालुक्याच्या गांवापर्यंत आला आहे.

येथें एक कायद्याची गोष्ट ध्यानांत ठेवावी. १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्याप्रमाणें स्वतःस ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेण्याचा अधिकार ज्याचें नांव कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या नोंदवहींत आहे त्यालाच आहे. गृहसजावटकारावर असें बंधन नाहीं. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटीरिअर डिझायनर्स ही संस्था १९७२ पासून काम करीत आहे, परंतु तिचें सभासद होणें ऐच्छिक आहे. तेव्हां या नांवाची पाटी कोणासहि लावतां येते. म्हणून त्याचें शिक्षण कोठें झालें हें संकोच न धरतां विचारावें, आणि त्यानें केलेलीं निदान दोन घरें प्रत्यक्ष पाहावीं. त्यांतील एक असें असावें कीं ज्यावरून तीन पावसाळे गेले आहेत. छायाचित्रांत प्रत्येक घर सुंदर दिसतें. कपाटाचीं दारें भाद्रपदांत लागतात कीं नाहीं हें छायाचित्रांत दिसत नाहीं.

सजावटकार इंजिनिअर नव्हे, हेंहि तितकेंच महत्त्वाचें. जुन्या कोंकणी घरांत चिऱ्याच्या भिंतीच छपराचा भार वाहतात. ओटी व माजघर यांमधील भिंत काढून ऐसपैस दिवाणखाना करण्याची कल्पना कागदावर मोहक वाटते. पण ती भिंत कोणतें ओझें घेऊन उभी आहे हें बांधकामाच्या इंजिनिअरनें तपासल्यावांचून तिला पहार लावूं देऊं नये. चांगला सजावटकार हें आपण होऊनच सांगेल. जो ‘कांहीं होत नाहीं’ असें म्हणेल त्यास तेथेंच नमस्कार करावा.

आधीं घरांतल्या घरांत

सजावटकाराची पहिली भेट ठरविण्यापूर्वीं तीन प्रश्नांचीं उत्तरें कुटुंबानें कागदावर लिहून काढावीं. हीं उत्तरें सजावटकार देऊं शकत नाहीं, आणि तीं नसलीं तर त्याचें सारें कौशल्य व्यर्थ जातें.

पहिला प्रश्न हक्काचा. घर सामाईक असेल तर ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर कोणाकोणाचीं नांवें आहेत तें पाहावें, आणि सर्व हिस्सेदारांची लेखी संमति घ्यावी. एकानें अधिक खर्च केला म्हणून त्याचा हिस्सा वाढणार आहे काय, एखादी खोली त्याची म्हणून राहणार आहे काय, पुढें वांटणी झाली तर या खर्चाचा हिशेब कसा धरावयाचा, हें त्याच कागदावर स्पष्ट असावें. भावाभावांत लिहिणें कसेंसेंच वाटतें खरें. परंतु आजच्या पिढींतील भाऊ एकमेकांवर विश्वास ठेवतात म्हणून त्यांचीं मुलें ठेवतीलच असें नाहीं, आणि घर तर मुलांपर्यंत टिकावें म्हणूनच दुरुस्त करावयाचें असतें.

दुसरा प्रश्न हेतूचा. घर कोणासाठीं? वर्षभर राहणाऱ्या काकूंसाठीं, चतुर्थीला जमणाऱ्या तीस माणसांसाठीं, निवृत्तीनंतर येऊन राहूं पाहणाऱ्या भावासाठीं, कीं पर्यटकांना खोल्या देण्यासाठीं? या चारहि गोष्टी एका घरांत थोड्याबहुत बसतात. पण क्रम लावावाच लागतो. पर्यटकांना प्रत्येक खोलीस जोडून न्हाणीघर हवें. काकूंना रात्रीं उंबरा न ओलांडतां जातां येईल असें एकच, पण जवळचें, न घसरणाऱ्या फरशीचें व भिंतीला दांडी असलेलें हवें. दोन्ही खर्च एकाच वेळीं झेपत नसतील तर कोणता आधीं, हें सजावटकारानें ठरवूं नये.

तिसरा प्रश्न बोलण्याचा. सजावटकाराशीं बोलणारा कुटुंबांतील एकच असावा. मुंबईहून एकानें फोन करून ओटा काळ्या दगडाचा सांगावा, पुण्याहून दुसऱ्यानें पांढऱ्याचा सांगावा, आणि सुतारानें मधल्या मधें तिसराच आणून ठेवावा, असे प्रसंग एकत्र कुटुंबांत अपूर्व नाहींत. मात्र एकानें बोलावें याचा अर्थ एकानें ठरवावें असा नव्हे. ठरवितांना सर्वांना विचारावें, आणि जी व्यक्ति त्या घरांत सर्वांत अधिक काळ राहते तिला सर्वांत आधीं विचारावें.

एका स्वयंपाकघराची गोष्ट

हें शेवटचें वाक्य केवळ वडीलधाऱ्यांचा मान म्हणून लिहिलेलें नाहीं. त्यामागें या शास्त्रांतीलच एक धडा आहे.

१९२६ सालीं जर्मनींतील फ्रांकफुर्ट शहरांत मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनीं नव्या वसाहतींतील घरांसाठीं एक स्वयंपाकघर आंखलें. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर, आपल्या मापानें सुमारें सव्वासहा फूट व अकरा फूट. आगगाडीच्या भोजनाच्या डब्यांत एवढ्याशा जागेंत स्वयंपाक कसा होतो याचा त्यांनीं अभ्यास केला, आणि चुलीपासून मोरीपर्यंत व मोरीपासून फळीपर्यंत पडणाऱ्या पावलांचा विचार करून प्रत्येक वस्तूची जागा नेमली. अशीं सुमारें दहा हजार स्वयंपाकघरें तेथें बसविलीं गेलीं. आज आपल्याकडे ‘मॉड्युलर किचन’ म्हणून जें विकलें जातें तें याच कुळांतलें. गृहिणीचे श्रम मोजण्याजोगे आहेत, हें या बाईंनीं जगाला दाखवून दिलें. आणि मौज अशी कीं तोंपर्यंत स्वतः त्यांनीं कधीं स्वयंपाक केलेला नव्हता, असें त्यांनींच पुढें सांगितलें आहे.

परंतु त्या स्वयंपाकघरांत एक उणीव होती. तें एकाच बाईसाठीं मापलेलें होतें. दुसरी मदतीस आली कीं दोघींची अडचण होई, आणि मूल जवळ बसवावें तर जागा नसे. मोजमाप अचूक होतें. पण कुटुंब कोणतें हें आधींच ठरून गेलें होतें.

आपल्या घरांत काय होतें तें पाहा. चतुर्थीच्या सकाळीं एक जाऊ नारळ खवीत असते, दुसरी उकड काढीत असते, तिसरी मोदक वळीत असते, आणि मुली येतां-जातां सारणावर डोळा ठेवून असतात. शहरांतील दोन माणसांच्या बिऱ्हाडासाठीं आंखलेलें स्वयंपाकघर येथें उचलून आणलें तर पहिल्याच सणाला तें अपुरें पडतें. दोघींना पाठीला पाठ करून काम करावयाचें असेल तर दोन ओट्यांमध्यें निदान चार फूट मोकळे हवेत. उभ्याच्या ओट्याची उंची साधारणतः ३२ ते ३४ इंच ठेवतात. ती करणारीच्या कोपराच्या थोडी खालीं येते कीं नाहीं हें तिला उभें करूनच पाहावें. आणि जी काकू सारा जन्म पाटावर बसून विळीवर चिरीत आली तिच्यासाठीं खिडकीच्या उजेडांत जमिनीवर चार फूट चौरस जागा मोकळी राखणें हेंहि आधुनिक रचनेंतच मोडतें.

अशा आणखी कांहीं गोष्टी आहेत कीं ज्या शहरांतील सजावटकाराला सुचणार नाहींत आणि त्या न सुचल्याबद्दल त्याला दोषहि देतां येणार नाहीं. गणपतीच्या मूर्तीवर माटवी टांगावयाची, तिच्यासाठीं वर भक्कम कड्या हव्यात. फॉल्स सीलिंग ठोकून झाल्यावर ही आठवण झाली तर उपयोग नाहीं. पावसाळ्यांत चार महिने कपडे कोठें वाळत घालावयाचे? ओल्या छत्र्या कोठें ठेवावयाच्या? वर्षाचे तांदूळ, नारळ, आमसुलें, आंब्याच्या पेट्या, सरपण हीं कोठें जावींत? मागील दारांतून चिखलाचे पाय घेऊन येणारा गडी कोणत्या वाटेनें आंत यावा? मर्यादित जागेच्या शहरी घरांत कोठीची खोली नाहींशी झाली. गांवच्या घरांतून ती काढली तर सामान ओटीवर येऊन बसतें आणि सजावटीची सारी शोभा दोन महिन्यांत हरपते. हीं उत्तरें घरांतील स्त्रियांजवळ असतात. त्यांना कोणी विचारीत नाहीं म्हणून त्या सांगत नाहींत, आणि मागाहून त्यांच्या नाराजीला ‘जुनें वळण’ असें नांव मिळतें.

कोंकणची हवा आणि घराचें सामान

सजावटकार मुंबईचा असो कीं कोल्हापूरचा, त्याला कोंकणचा पाऊस समजावून सांगावा लागतो. आपला चिरा, म्हणजे जांभा, खाणींतून काढतांना मऊ असतो व हवेंत कठीण होतो. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरानें १८०७ सालीं केरळांतील याच जातीच्या दगडाला, विटेच्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, ‘लॅटराइट’ हें नांव दिलें. हा दगड सच्छिद्र आहे; पावसांत ओल घेतो आणि उन्हांत सोडतो. त्यावर आंतून हवाबंद रंगाचे थर दिले तर ओल बाहेर पडूं पाहते आणि रंगाला फोड येऊन पापुद्रे सुटतात. चुन्याचा गिलावा व चुन्याची सफेदी यांतून ओल जाऊं शकते. जुन्या मंडळींचा दर वर्षींचा चुना हा केवळ काटकसरीचा प्रकार नव्हता.

लाकडाविषयींहि तसेंच. भुशाच्या व तंतूंच्या दाबलेल्या फळ्या स्वस्त पडतात, परंतु पाणी लागलें कीं फुगतात आणि पुन्हा पूर्ववत् होत नाहींत. मोरीजवळ व भिंतीलगत प्लायवूडच वापरावयाचें असेल तर त्यावर भारतीय मानक ७१० चा शिक्का, म्हणजे सागरी प्रतीचें प्लायवूड, आहे कीं नाहीं हें माल उतरतांना पाहावें. कपाट तयार होऊन वर पत्रा चिकटल्यावर आंत काय आहे हें ब्रह्मदेवालाहि कळत नाहीं. वाळवीचा बंदोबस्त सुतारकामाच्या आधीं करावयाचा असतो, मागाहून नव्हे. कौलारू छपराखालीं फॉल्स सीलिंग केलें तर गळती दिसेनाशी होते, थांबत नाहीं. वर माणूस चढून पाहूं शकेल अशी वाट ठेवल्याशिवाय तें करूं नये.

इंग्लंडांत जन्मलेले आणि केरळांत आयुष्य घालविलेले वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७-२००७) यांच्यावर गांधीजींच्या एका विचाराचा मोठा परिणाम झाला होता. घराचें सामान घरापासून पांच मैलांच्या आंत मिळणारें असावें, असा तो विचार. तो अक्षरशः पाळणें आज कठीण आहे. पण सजावटकाराला इतकें विचारण्यास हरकत नाहीं कीं, बाबा, जिल्ह्यांत चिरा आहे, फणसाचें, ऐनाचें व किंजळीचें लाकूड आहे, सावंतवाडीस लाखेच्या रंगकामाची परंपरा आहे; यांतलें काय काय तुझ्या नकाशांत बसेल? मोडलें तर गांवांत दुरुस्त होईल अशी वस्तु ही खेड्यांतील घरासाठीं खरी किंमतवान वस्तु होय.

पैशाचा व्यवहार

सजावटकाराचा मोबदला बहुधा तीन प्रकारांनीं ठरतो, आणि प्रत्येक प्रकारांत त्याचें हित कोठें आहे हें समजून घेणें म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणें नव्हे. पहिला प्रकार खर्चाच्या शेंकडेवारीचा. समजा, आठ लाखांचें काम आणि शेंकडा दहा मोबदला. म्हणजे ८०,००० रुपये. तेंच काम बारा लाखांवर गेलें तर मोबदला १,२०,००० होतो. खर्च वाढला तर त्याचें नुकसान नाहीं, हें उघड आहे. म्हणून वरची मर्यादा लिहून घ्यावी. दुसरा प्रकार ठोक रकमेचा किंवा चौरस फुटाचा. यांत खर्च वाढविण्याचा मोह नाहीं, परंतु फेऱ्या कमी करण्याचा आहे. म्हणून काम पाहण्यास तो किती वेळां येईल, हें ठरवावें. तिसरा प्रकार सर्व सामानासह मक्त्याचा. यांत डोक्याला ताप कमी. पण नकाशा काढणारा, माल आणणारा आणि माल तपासणारा एकच होतो. असा मक्ता द्यावयाचा तर तपासणीसाठीं दुसरा कोणी जाणकार, निदान गांवचा एखादा जुना सुतार, आपल्या बाजूनें ठेवावा. सजावटकार नोंदणीकृत असेल तर त्याच्या मोबदल्यावर १८ टक्के वस्तु व सेवा कर लागतो. सांगितलेला आंकडा करासह कीं कराविना, हें पहिल्याच दिवशीं विचारावें.

दर ऐकण्यापेक्षां माप समजून घेणें अधिक अगत्याचें आहे. कपाटाचा दर बहुधा दर्शनी चौरस फुटावर सांगतात. सात फूट उंच व सहा फूट रुंद कपाट म्हणजे ४२ चौरस फूट. त्यावर दोन फुटांचा माळा धरला तर आणखी १२, एकूण ५४. एकानें ४२ चा हिशेब सांगितला आणि दुसऱ्यानें ५४ चा, तर पहिला स्वस्त दिसतो. तो स्वस्त असेलच असें नाहीं. आंतील कप्पे, खण, बिजागऱ्या, कुलुपें व आंतला रंग त्या दरांत आहेत कीं नाहींत, हें वस्तूगणिक लिहिलेल्या अंदाजपत्रकांतच कळतें. तसें अंदाजपत्रक आणि मापांसह नकाशे हातीं आल्याखेरीज सुतारकामाला हात लावूं देऊं नये. आणि ते नकाशे हातीं येतांच मोबदला न देतां दुसऱ्या स्वस्त माणसाकडून काम करून घेणें, ही आपल्या बाजूची लबाडी होय. ती सुशिक्षित घरांतहि होत असते, म्हणून येथें लिहिली.

पैसे हप्त्यांनीं द्यावेत, आणि हप्ते तारखेला न बांधतां कामाच्या टप्प्याला बांधावेत. अखेरचे शेंकडा पांच ते दहा रुपये एक पावसाळा जाईपर्यंत हातीं ठेवण्याचें करारांतच लिहावें. कोंकणांत घराची परीक्षा आषाढ घेतो. नकाशांतील कोणताहि बदल, मग तो एका खिळ्याचा कां असेना, किंमतीसह वहींत लिहून दोघांनीं सही करावी. अंदाजपत्रक फुगतें तें बहुधा चोरीनें नव्हे. ‘आतां केलेंच आहे तर हेंहि करूं’ या आपल्याच वाक्यानें.

काम चालूं असतांना

कामाचा क्रम साधारणतः असा असतो : आधीं छप्पर व ओल, मग तोडफोड व गवंडीकाम, नळ, विजेच्या तारा, फरशी, त्यानंतर सुतारकाम, आणि शेवटीं रंग. सुतारकाम झाल्यावर नळ फोडावे लागले तर समजावें कीं क्रम चुकला. तळेऱ्याकडे हें सर्व दिवाळीनंतर सुरू करून मे महिन्याच्या मध्यापर्यंत संपवावें. पाऊस लागला कीं लाकूड फुगतें, रंग सुकत नाहीं, आणि दरड कोसळून घाट बंद पडला तर कोल्हापूरचा माल कोल्हापुरांतच राहतो. वेळापत्रकांत एक महिना जास्तीचा धरावा. काम ठरल्या दिवशीं संपेल अशी अपेक्षा मात्र धरूं नये, ती कोठेंहि पुरी होत नाहीं.

या दिवसांत काकूंची सोय काय, हा प्रश्न सर्वांत शेवटीं आठवतो. घरभर धूळ, चूल बंद, देव गुंडाळून ठेवलेले, आणि दहा परके पुरुष उंबऱ्यांत. अशा घरांत तीन-चार महिने एकट्या वृद्ध बाईनें राहावें हें बरें नव्हे. एक खोली व एक चूल शेवटपर्यंत चालूं राहील अशा दोन टप्प्यांत काम करणें शक्य असतें. सजावटकारास तें आधीं सांगितलें तर तो तशी आंखणी करतो. मागाहून सांगितलें तर त्याचे पैसे पडतात. कामकऱ्यांना प्यावयास पाणी, दुपारीं बसावयास सांवली आणि आदराचें बोलणें यांचा मात्र कोणत्याहि अंदाजपत्रकांत समावेश नसतो. तो घरच्यांनीं करावयाचा असतो, आणि त्याचा कामांत उतारा मिळतो.

एवढें करूनहि तंटा उपस्थित झालाच तर प्रथम वही पुढें ठेवून बोलावें. न मिटल्यास २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगापुढें नेतां येते, आणि ती कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत करावी लागते. तेथेंहि शेवटीं कामास येतें तें लिहून ठेवलेलेंच.

आतां एकच सूचना, आणि ती खर्चाची नाहीं. नकाशा तयार झाला म्हणजे तो संगणकाच्या पडद्यावर पाहून सर्वांनीं माना डोलवूं नयेत. पडद्यावरील खोलीला माणसाचें पाऊल लागत नाहीं, आणि काकूंना तसला नकाशा वाचतां येईल अशी अपेक्षा करणें अन्यायाचें आहे. सजावटकार, बोलणारा भाऊ आणि काकू असे तिघे एका दुपारीं घरांत असतील असें करावें. नव्या भिंती, ओटा, पलंग व न्हाणीघराचें दार हीं खऱ्या मापांनीं खडूनें जमिनीवर आंखावीं. आंत जागा पुरत नसेल तर अंगणांत आंखावीं. मग काकूंना त्या रेघांमधून चालूं द्यावें : निजण्याच्या जागेवरून न्हाणीघरापर्यंत, चुलीवरून पाण्यापर्यंत, देवघरांतून तुळशीपर्यंत. त्या जेथें अडखळतील, जेथें थांबून ‘येथें मी कळशी कोठें ठेवूं?’ असें विचारतील, तेथें तेथें नकाशा दुरुस्त करावा. खडू पुसावयास ओलें फडकें पुरतें. जो सजावटकार या कामासाठीं एक दुपार आनंदानें देईल तोच आपल्या घराला योग्य असें समजावें, आणि मग निःशंक मनानें करारावर सही करावी.